डागी वालाचं पोतं

भिजवलेला वाल चिमटीत धरून दाबला की साल बोटांत राहते आणि दाणा पुढे उडतो. घाटकोपरला फुटपाथवर परात घेऊन बसायचे तेव्हापासून मी हे काम करते आहे. आता मुलुंडच्या बाजारात स्वतःचा गाळा आहे आणि सोलायला चार बायका येतात, तरी सकाळचा पहिला तास मी स्वतः बसते. सोललेले वाल, मोडाची मटकी, मूग, पावटे. श्रावणात तर पाणी प्यायला फुरसत नसते.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. वालावर काळपट डाग असला तरी तो बहुतेक वेळा सालीपुरता असतो. साल गेली की डाग गेला, बिरडं खाणाऱ्याला काही कळत नाही. त्यामुळे डागी माल दिसला की मी व्यापाऱ्यापुढे नाक मुरडायचे. मूठभर दाणे त्याच्या गादीवर उधळून म्हणायचे, "याला देवी आल्यात काय? कोण खाणार हे?" तो वैतागून भाव पाडायचा आणि मी पोती उचलायचे. या हुशारीचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

नवरा गिरणीत होता. गिरणी बंद झाल्यावर तो खचला आणि लवकर गेला. मूल नाही. नाहूरचं घर मी एकटीच्या हिमतीवर घेतलं, त्यात राहतेही एकटी. शेजारी चांगले आहेत, पण दार लावून घेणारे. माझं माणूस म्हणावं असं फक्त माहेर होतं. रायगडात डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी. तिथे धाकटा भाऊ आणि भावजय. भात निघालं की जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात, थंडीत दवावर तो वाढतो. पौष-माघात शेंगा भरल्या की भावाचा फोन यायचा, "आक्का, शेंगा भरल्या. पोपटीला कधी येतेस?" मग मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मडकं उपडं घालून भोवती जाळ. सगळी वाडी गोळा व्हायची. वर्षातले ते चार दिवस मला कुणी भाव विचारत नसे आणि मीही कुणाला विचारत नसे.

पूर्वी आमच्याकडे घरटी वेगळं बी असायचं. कुणाचा वाल तांबूस, कुणाचा काळसर, कुणाचा इतका बारीक की सोलताना नखं दुखावीत. एकाच शेतात चार तऱ्हा. भावजय राखेत घोळवून मडक्यात ठेवायची. मी त्याला भेळ म्हणायचे. मुंबईच्या गिऱ्हाइकाला एकसारखा, मोठा, फिकट दाणा लागतो. तो लवकर भिजतो आणि साल पटकन सुटते. मी वाडीतल्या प्रत्येकाला दोन-तीन वर्षं हेच ऐकवलं. ही भेळ बंद करा, एकच मोठा वाल पेरा, सगळा माल मी उचलते. कुणी कुरकुर केली तर मी आवाज चढवायचे. शेवटी सगळ्यांनी तो एकच वाल धरला. त्यांच्या घरात चार पैसे आले, माझा गाळा झाला. हे आजही कुणी नाकारणार नाही.

मग एका वर्षी ऐन दिवाळीत अवकाळी पाऊस झाला. ठेवलेलं बी ओलं होऊन बुरसलं. पेरणी तोंडावर आणि वाडीत कुणाकडे पेरणीपुरतं बी नाही. भावाने रडवेल्या आवाजात फोन केला. मी म्हटलं, अरे मी आहे ना. माझ्याकडे त्याच मोठ्या वालाची पोती होती, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली, डागी म्हणून भाव पाडून घेतलेली. त्यातलं एक पोतं मी टेम्पोने पाठवलं. एका पैशाला हात लावला नाही. डाग मला दिसत होते. पण बिरडं विकणाऱ्या बाईला डाग म्हणजे काय? साल. मी तेवढाच विचार केला.

त्या पौषात शेंगांवर तांबूस-काळे, खोल गेलेले डाग पडले. पानांच्या शिरा काळ्या झाल्या. पंधरा दिवसांत पाच शेतं करपून गेली. ती वाडीची बहुतेक सगळी वालाची जमीन. मी गेले ती माघी गणपतीच्या जेवणाला. देवळापुढे पंगत बसली होती. भाऊ वाढत होता. माझ्या पानाशी येऊन थांबला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आक्का, तू बी नाही पाठवलंस. रोग पाठवलास."

मी म्हटलं, "फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजतोस? हवामान बघितलंस का यंदाचं? तुमच्या हातात शेती टिकत नाही आणि खापर माझ्यावर?"

"आमच्या हातात आमचं बी होतं," तो म्हणाला. "ते तू सोडायला लावलंस."

मी पानावरून उठले. अर्ध्या पंगतीतून, गणपतीच्या जेवणावरून. आमच्याकडे हे कुणी करत नाही. चुलते "बस गो, बस" म्हणत राहिले, मी थांबले नाही. एसटीत बसल्यावर हाताला भात लागलेला दिसला. तो मी खिडकीच्या गजाला पुसला.

त्यानंतर फोन नाही. एक थंडी गेली, दुसरी गेली, तिसरी आली. वाडीचा माल मला येईना. थोडाफार पिकायचा तो दुसरीकडे जाऊ लागला. मी माझा वाल बाजारातून घेत होते, धंदा अडला नाही. पण भाचीचं लग्न झालं ते मला दुधवाल्याच्या भावाकडून कळलं, तो त्याच गावचा. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला इतकी फाडून बोलले की ती परत आली नाही. घरी गेल्यावर आरशासमोर उभं राहून भावाला द्यायची उत्तरं मोठ्याने म्हणायचे. सगळी उत्तरं माझ्याकडे होती, ऐकायला कोणी नव्हतं.

त्याच मालाच्या उरलेल्या पोत्यांतले चार-पाच किलो वाल मी डब्यात ठेवले होते. कधीतरी याच दाण्यांनी सगळ्यांचं तोंड बंद करीन, एवढंच डोक्यात होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात एक बाई गाळ्यावर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा, साधी साडी. न सोललेले वाल मागितले आणि निवडायला बसल्या. निवडतात सगळ्याच, पण डागी बाजूला टाकतात. या डागीच वेचून आमच्या गाळ्याचं नाव छापलेल्या कापडी पिशवीत भरत होत्या.

मी विचारलं, "ताई, डोळ्यांना त्रास आहे का?"

"नाही हो. मला हेच हवेत."

"डागी पाहिजेत? मग भाव जास्त पडेल. निवडून मिळतायत."

त्या हसल्या. "तुमच्याच दुकानात, मीच निवडायचे, आणि जास्त?"

"तुम्हाला गरज आहे म्हणून. गरज नसती तर फेकून दिले असते मी."

त्या अंधेरीकडच्या एका कॉलेजात शिकवत होत्या, आणि कडधान्यावर पडणाऱ्या बुरशीचा अभ्यास करत होत्या. हा डाग म्हणजे करपा, बुरशीचा रोग, हे त्यांनी मला दारात उभ्याउभ्या सांगितलं. आणि असंही सांगितलं की ही बुरशी दाण्यातून प्रवास करते. डागी दाणा पेरला की रोप डाग घेऊनच वर येतं.

मी तराजूचं पारडं पुसायला घेतलं. पुसता पुसता म्हटलं, "सगळीकडे सारखीच असणार की बुरशी. कुठून आली कसं सांगणार?"

"सारखी दिसते, सारखी नसते," त्या म्हणाल्या. "वेगळ्या गावची वेगळी निघते. काही नुसती टिकली लावून जातात, काही शेत लोळवतात. आम्ही तेच तर बघतो."

मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि सौदा मांडला. डब्यातले सगळे वाल फुकट देते, गावचा पत्ता देते. तुम्ही शेतातल्या शेंगा आणा, दोन्ही तपासा, आणि माझ्या पोत्यातून रोग गेला नाही असं कागदावर लिहून द्या.

"निकाल आधी ठरवून तपासणी होत नाही," त्या म्हणाल्या.

"मग जो निघेल तो लिहा. मला माहीत आहे काय निघणार ते."

"आणि दुसरं निघालं तर?"

"नाही निघणार."

माझी एक अट होती. गावात माझं नाव घ्यायचं नाही. त्या गेल्या आणि पाचही शेतांतल्या शेंगा-पानं घेऊन आल्या. परतल्यावर गाळ्यावर डोकावल्या तेव्हा मला शेंगांपेक्षा दुसरंच विचारायचं होतं.

"कुणाकडे उतरलात?"

"एका घरी अगदी आग्रह केला हो. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वर सोलकढी. निघताना केळ्यांची फणी दिली."

ते घर कुठलं हे मला खुणांवरून कळलं. दारापुढे चिकू, पडवीत निळा झोपाळा. त्या झोपाळ्याच्या कड्या मी मुंबईहून नेल्या होत्या.

"माझं काही..."

"तुम्हीच म्हणालात नाव काढू नका. कुणी विचारलंही नाही."

मी त्यांना म्हटलं, आज गाळ्यावर फार काम आहे.

निकालाला तीन महिने लागले. मध्ये एकदा त्यांनी मला बोलावलं, म्हणून घाटकोपरहून मेट्रोने गेले. तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. काचेच्या गोल बशांत चायना ग्रास घट्ट केलेलं, आपण हलव्याला वापरतो तेच, आणि त्यावर राखाडी कापसासारखी बुरशी वाढलेली. प्रत्येक बशीवर आकडा. गच्चीवरच्या जाळीखाली ट्रेमध्ये वाल लावले होते, वेगवेगळ्या जातींचे, रांगेत. प्रत्येक बुरशीचं पाणी प्रत्येक जातीवर फवारायचं, प्लास्टिक झाकून दमट ठेवायचं आणि कोण पडतं, कोण उभं राहतं ते बघायचं. एका रांगेपाशी मी थांबले. तिथे दोन जाती सोडल्या तर सगळ्या जातींची रोपं काळी पडून वाकली होती.

"ही कुठली बुरशी?"

"ही तुमच्या डब्यातली," त्या म्हणाल्या. "आतापर्यंत मी पाहिलेल्यांत सर्वांत जोरदार."

त्याच रांगेत एक ट्रे वेगळा होता. त्यातली निम्मी रोपं मेली होती, निम्मी ताठ उभी होती. एकच ट्रे, एकच फवारणी.

"आणि हे असं का?"

"हे बी एकसारखं नाही, मिश्र आहे. मला जेवायला घातलं त्या बाईंनी दिलं. घरच्या भाजीपुरतं राखेत ठेवलंय म्हणाल्या."

मी खाली वाकून त्या उभ्या रोपांकडे बघत राहिले. माझी भेळ.

शेवटचा निकाल त्यांनी टेबलावर मांडला. छापलेल्या फोटोत शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेघा होत्या. प्रत्येक बुरशीची एक शिडी, बोटाच्या ठशासारखी तिची ओळख. माझ्या डब्यातल्या बुरशीची शिडी आणि तीन शेतांतल्या बुरशीची शिडी पायरीला पायरी जुळत होती. उरलेल्या दोन शेतांची वेगळी होती.

"म्हणजे दोन माझी नाहीत," मी लगेच म्हटलं.

"नाहीत. ती जुनी बुरशी, तिथलीच असावी. मवाळ आहे. पूर्वीपासून थोडंफार खात असेल."

"मग त्या दोन शेतांनी मार का खाल्ला? मवाळ होती ना?"

त्यांनी चष्मा काढला. "कारण पाचही शेतांत एकच वाल होता, आणि तो दोन्ही बुरशींना बळी पडणारा. पूर्वीसारखं मिश्र असतं तर थोडं गेलं असतं, बाकी राहिलं असतं."

मी आवाज चढवला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एका डब्यावरून तुम्ही माणसाला फासावर देता, असं काहीतरी म्हटलं. त्यांनी फोटो माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "एका पोत्यावरून शंभर टक्के मीही म्हणणार नाही. पण इतकं जुळणं सहज होत नाही. तुम्ही ओरडा, मला चालेल. मला हे बदलता येणार नाही."

"हे छापणार तुम्ही?"

"छापेन. पण त्यात दुकानाचं नाव नसतं, गावाचं नसतं. नमुन्याचा आकडा असतो. गावात मी काही सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

तो कागद मी पर्समध्ये घातला आणि तीन आठवडे कुणाला दाखवला नाही. दाखवणार तरी कुणाला? सोलणाऱ्या बायकांना माझा राग माहीत, कारण माहीत नाही. त्या दिवसांत मला सर्वांत जास्त छळलं ते एका गोष्टीने. भावाकडे ना काच, ना बशी, ना शिडी. हातात एक पुरावा नसताना तो भर पंगतीत बोलला होता, आणि तो बरोबर होता. हा राग अजूनही पूर्ण गेलेला नाही. चुकलेल्या माणसाला निदान समोरच्याची एखादी चूक मिळावी, एवढीही सोय त्याने ठेवली नाही.

गप्प बसले असते तर काही बिघडलं नसतं. गाळा चालला असता. पण पुढच्या पेरणीला वाडी पुन्हा तोच वाल पेरणार, त्याच जमिनीत, हे मला दिसत होतं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा फोन लावला. भावजयीने उचलला. मागे कोंबड्यांचा कलकलाट.

"वन्सं?"

"भाऊ आहे?"

"शेतात गेलेत."

"तुझ्याकडे एक बाई आलेल्या ना, शेंगा न्यायला?"

"हां, कालेजातल्या. जेवून गेल्या."

"मी पाठवलेल्या."

"ठावं आहे मला. त्यांच्या खांद्याला तुमच्या दुकानाची पिशवी होती." पुढे म्हणाली, "म्हणून तर जेवायला बसवलं. नायतर शेंगा मोजायला येणाऱ्याला कोण चटणी वाटून घालतं?"

मी सौदा तयार करून ठेवला होता. पाचातली तीन माझी, दोन तुमची. तीनातही हवामानाचा वाटा. सगळं पाठ होतं. तोंडातून निघालं ते वेगळं. "ऐक. रोग माझ्याच पोत्यातून आला. डाग मला दिसले होते. दिसून पाठवलं मी."

तिने कोंबड्यांना हाकललं. मग म्हणाली, "हे तुम्ही त्यांना सांगा. मी सांगायची नाही. मी सांगितलं तर म्हणतील, आक्काने तुला पुढे केलं. सातला येतात ते."

सातला मी पुन्हा फोन केला आणि तेच शब्द भावाला सांगितले. संपल्यावर म्हणाला, "बरं."

"बरं काय?"

"बरं म्हणजे ऐकलं."

"आणखी काही म्हणायचं नाही तुला?"

"तुला काय पाहिजे, पंगतीतून उठल्याचं माफ करू? वाडीने करायला पाहिजे ते, मी एकट्याने नाही." मग म्हणाला, "त्या बाईंना विचार, आता काय करायचं. जमिनीचं."

दुसऱ्याच दिवशी मी अंधेरीला गेले. बाईंनी सांगितलं ते लिहून घेतलं. रोगट काड्या-पाला शेतात ठेवू नका, जाळा. त्या जमिनीत तीन वर्षं वाल, पावटा, घेवडा काही नको. भातानंतर कांदा लावा, भाजी करा. मग बिनडागी बी, आणि तेही एकाच जातीचं नको.

संध्याकाळी मी ते भावाला वाचून दाखवलं. तीन वर्षं वाल नाही म्हणजे शेंगा नाहीत, शेंगा नाहीत म्हणजे पोपटी नाही. हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"तीन वर्षं," तो म्हणाला. "मग तीन वर्षांनी बघू."

माझ्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "दोन कर."

मग तो म्हणाला, "आक्का, बुरशीशी भाव करतेस?" आणि फोन ठेवला.

त्याच्या आवाजात राग होता की हसू, मला अजून सांगता येत नाही. फोन त्यानंतर मीच करते, महिन्यातून एकदा, कांद्याचं विचारायला. तो दोन मिनिटं बोलतो. त्याच्याकडून एकदाही आलेला नाही. तीनातलं पहिलं वर्ष आता संपत आलं आहे.